स्वस्तातला बार

गोव्यात स्वस्त बार कसा शोधायचा, असं ऑफिसातली मंडळी मला नेहमी विचारतात. सोप्पं आहे! बीचकडे पाठ करा आणि संध्याकाळी मासेवाले कुठे टेकतात ते बघा. एप्रिलात गेलात तर तिथे उर्राक मिळते. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार. लिमका, मीठ आणि हिरवी मिरची घालून. हीच पुन्हा गाळली की फेणी, जिला २००९ मध्ये जीआय मिळालं.

ही युक्ती मूळची हिंगोलीच्या एसटी स्टँडवरची. बाबा म्हणायचे, ड्रायव्हर-कंडक्टर जिथे चहा पितात, तिथेच आपण प्यायचा.

पण हिंगोलीत देशीच्या दुकानासमोरून जाताना मी आजही मान खाली घालतो. लहानपणी काकांना घरी आणायला आई मला तिथेच पाठवायची. मी दहावीत असताना काका गेले. तीच बाकडी, तोच वास, तशीच थकलेली माणसं गोव्यात दिसली की मात्र मी 'ऑथेंटिक' म्हणून फोटो काढतो...

मागच्या खेपेला दारात एक पोरगा उभा होता, बापाची वाट बघत. ग्लास अर्धाच ठेवून उठलो.

असो.