बेला गावच्या शिक्षकाची रोजनिशी

२४ फेब्रुवारी २०२५
काल 'मन की बात'मध्ये आदिलाबादच्या सरकारी शाळेतले शिक्षक थोडासम कैलाश यांचे नाव आले. एआयची साधने वापरून त्यांनी कोलामी भाषेत गाणे केले आहे. नववीच्या वर्गात आज दुसरा विषयच नव्हता. "सर, मशीनले कोलामी येते?" असे एकाने विचारले. शेवटच्या बाकावरचा कोलाम पोरगा म्हणाला, "मी बोललो तं त्याले नाही समजत." मला आनंद याचा, की पोरांना यंत्रामागचा माणूस दिसला, तोही आपल्याच जिल्ह्यातला मास्तर.

२५ फेब्रुवारी
आमची मुले एआय वापरणे शाळेत शिकत नाहीत. बाप शेतातून आला की त्याच्या मोबाइलवर शिकतात. पऱ्हाटीवरची फवारणी, निबंध, गणित, सगळे बोलूनच विचारतात. उत्तर अडखळत नाही म्हणून ते खरे वाटते, याची मला फार काळजी वाटते. आज फळ्यावर समजावले: अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे एआय हिशेबाने ठरवते. जिथे लिहिलेलेच थोडे, तिथे चाचपडते. बोलणे मात्र तितकेच ठाम.

२७ फेब्रुवारी
शिवरात्रीच्या सुट्टीत मेसराम या गोंड कुळातल्या मुलीने एआयला नागोबा जत्रेबद्दल विचारले. केस्लापूर हे ठिकाण बरोबर, पौष अमावास्या ही तिथीही बरोबर. पूजेचे पाणी मात्र गावच्या विहिरीचे म्हणून सांगितले! "आमची मानसं गोदावरीवर हस्तिनमडुगूले पायी जातात. माहा आजा गेलता." वर्ग एकदम गप्प. मग तिनेच विचारले, "मंग त्याले कोन सांगन?"

२८ फेब्रुवारी
विज्ञान दिन. प्रयोग बाजूला ठेवून, कालच्या प्रश्नावरून मारलवाई गावाची गोष्ट सांगितली. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेंडॉर्फ यांनी तिथे गोंड शिक्षक तयार केले, गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत काढली. नारनूरकडच्या गुंजाळ्यात जुन्या पोथ्यांमधून गोंडीची स्वतःची लिपी पुढे आली आणि २०१८ साली युनिकोडमध्ये गेली. त्यानंतर ती अक्षरे संगणकाला ओळखता येऊ लागली. मुलांना हे ठाऊकच नव्हते. आपल्या शाळांनी हे आधीच शिकवायला हवे होते.

मेसराम मुलीच्या आजोबांकडून गोदावरीच्या पायवारीची हकिकत लिहून घ्यायचे ठरले. तेलुगूत की देवनागरीत, यावर दोन तट पडले. ती मुलगी मात्र वेगळेच बोलली: "लिवा, पन मोबाइलात टाकाच्या आंधी आमच्या कुळातल्या मोठ्याइले विचारा लागन."