मे महिन्यातला प्राणवायू

परीक्षणासाठी आलेल्या निबंधावर लेखकाचं नाव झाकलेलं होतं, नदीचं मात्र ठळक होतं: दहिसर. मी रसायनशास्त्र शिकवते आणि राहते दहिसर गावठणात. साहजिकच प्रस्तावना सोडून आधी तक्ते उघडले.

रेल्वेपुलाच्या खालच्या अंगाचं केंद्र. मे महिना, पाण्याचं तापमान ३१ अंश आणि विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ९.२ मिलिग्रॅम! एवढ्या उष्ण पाण्यात, ते स्वच्छ असलं तरी, हवेतून साडेसातच्या आसपासच प्राणवायू मावतो. भर दुपारी शेवाळ माजलेल्या तळ्यात जास्त मिळतो, कबूल. पण तबेल्यांचं शेण आणि वस्त्यांचं सांडपाणी घेऊन चाललेल्या काळ्या पाण्यात? तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून उतरते ती नदी वेगळी, आमच्या दारातली वेगळी. त्यात हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे आकडे शेजारी ठेवले, तर दशांशचिन्हापुढचे अंक ओळीने तेच.

परीक्षकाने नमुने घ्यायचे नसतात. लेखकाने मोजलंय असं धरूनच पुढचं तपासायचं, हीच रीत. नदी उत्तरेतली कुठली असती, तर ९.२ माझ्याही नजरेतून सहज निसटला असता. पण ही दारातली होती, आणि मी परीक्षण करत होते तोही मेच होता. एका सकाळी बीओडीची बाटली घेऊन पुलाजवळ उतरले. विंकलरच्या पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातलं, की प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत बसला पांढराफटक. तबेल्यातला एकजण वरून विचारतोय, "मॅडम, पानी में दवा डाल रहे हो क्या?"

एका बाटलीने काही सिद्ध होत नाही, म्हणून अहवालात तिचा उल्लेख केला नाही. तापमान आणि प्राणवायू जुळत नाहीत, अंक पुन्हा पुन्हा येतात, मूळ नोंदवही मागवा, एवढंच लिहिलं. नोंदवही आली नाही. निबंध नाकारला गेला.

काही महिन्यांनी तो दुसरीकडे छापून आला. अशा जागांची वाण नाहीच. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या मान्य यादीत शिरलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ नावं काढली. पण बढतीला आणि पीएचडीला छापील निबंध लागत होतेच. गिऱ्हाईक कुठे जाणार?

छापलेल्या तक्त्यात तापमान ३१च होतं. प्राणवायू मात्र ७.१ झाला होता आणि दशांशांची पुनरावृत्ती नाहीशी झाली होती. आभारांत 'अनामिक परीक्षकाच्या मौलिक सूचनां'चा उल्लेख होता. खोटं कुठे उघडं पडतं, ते मीच मुद्देसूद लिहून दिलं होतं.

पहिल्या संपादकांची परवानगी घेऊन दोन्ही तक्ते नव्या संपादकांना पाठवले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: आपलाही निबंध अवश्य पाठवा, शुल्कात खास सवलत देऊ.