नारळाच्या रसात काय मिसळावं

रेवदंडा, जि. रायगड

चि. भाच्यास,


थाई, जपानी, चिनी पदार्थ आपल्या स्वयंपाकात मिसळून करायला तू लागला आहेस आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. एक बाजू म्हणते ही भेसळ आहे. दुसरी म्हणते, चव लागली म्हणजे झालं. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. मिसळणं हा आपल्या किनाऱ्याचा जुनाच उद्योग आहे, त्यामुळे भेसळीचा आरोप टिकत नाही. पण इथे जे मिसळलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, ते ‘काहीही चालतं’ म्हणून राहिलं नाही. घरात काहीतरी एक पक्कं धरलेलं होतं आणि बाहेरून आलेल्या जिनसेला त्याच्याभोवती नेमकं काम मिळालं, म्हणून राहिलं. याचा पुरावा शोधायला बँकॉकला जायला नको, अलिबाग तालुका पुरे.

बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचं उदाहरण घे. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले आणि नवगावकर, रोहेकर, पेणकर अशी गावांची आडनावं लावू लागले. त्यांनी भाषा आपली घेतली, पेहराव आपला घेतला, पण ताटातले दोन नियम सोडले नाहीत: मांस आणि दूध एकत्र नाही, आणि खवले-पर नसलेला मासा नाही. म्हणजे कोलंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी, सगळं बाद. पहिल्या नियमाने दूध, दही, तूप मटणाच्या पंक्तीतून उठलं आणि त्या जागी नारळाचा रस बसला. नववर्षाला, म्हणजे रोश हशानाला, करायचा गव्हाच्या चिकाचा हलवाही ते नारळाच्या रसातच शिजवतात. मटणाच्या जेवणानंतर तो खाता येतो. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा बघ. इतरत्र मलिदा म्हणजे कुस्करलेली पोळी, तूप आणि साखर किंवा गूळ. यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. धर्म पश्चिम आशियातला, पोहे-खोबरं कोकणचं, आणि जोड कुठे दिसत नाही. 1948 नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तरी मलिदा तिथेही होतो. नियम जेवढा कडक, तेवढं मिश्रण घट्ट बसलं, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्या शेजारच्या चौल बंदराची गोष्ट तुला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल्-मसुदी इथे आला, तेव्हाच बंदरात मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती, आणि त्यांतले पुष्कळजण इथेच जन्मलेले होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, 1740 पर्यंत राहिले. खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या भाषेची एक बोली अजून बोलली जाते. याच पोर्तुगीजांच्या जाळ्यातून अमेरिकेची मिरची कोकणात उतरली, आणि थायलंडच्या आसपासच्या मुलखातही पोचली. आज थाई करीचं वाटण आणि आगरी-कोळी मसाला एकमेकांना ओळखीचे वाटतात ते काही अंशी यामुळेच. मिरचीला इथे काम तयारच होतं: मिरी आणि आलं जो तिखटपणा देत होते, तो तिने अंगणात उगवून स्वस्तात दिला. जिला काम होतं ती इतकी मुरली, की तिच्याशिवाय मसाला ही कल्पनाच आता कुणाला करवत नाही.

तुझ्याकडे यावर पहिला आक्षेप तयार असेल: हे सगळं शेकडो वर्षांत मुरलं, आणि मी ते रविवारच्या एका दुपारी करू पाहतो. आक्षेप रास्त वाटतो, पण खरा नाही. चिकन मंचुरियन 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी केलं. ते स्वतः सांगत आले त्याप्रमाणे, सुरुवात हिंदुस्थानी स्वयंपाकासारखीच आलं, लसूण, हिरव्या मिरचीची. मात्र गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. चिनी माणसाला तो पदार्थ ओळखू येत नाही, हे कबूल. पण आपल्याकडे तो एका पिढीत लग्नाच्या पंगतीत जाऊन बसला, कारण त्याचा सांगाडा आपला होता आणि नवी गोष्ट फक्त एका जागी आली होती. तेव्हा मुरायला शतकं लागतातच असं नाही. घरच्यांनी तो पदार्थ दुसऱ्यांदा मागितला, की मुरायला सुरुवात झाली.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. मंचुरियनपाठोपाठ शेझवान चटणी आली आणि ती डोशावर, वड्यावर, सँडविचवर, भेळेत, सगळीकडे गेली. कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर बांगडा असो की पनीर, चव एकच: गोडसर, आंबट, तिखट, लाल. मिसळण्याने स्थानिक चवी पुसल्या जातात, असं म्हणणाऱ्यांचा राग याच्यावर असतो आणि तो योग्य आहे. पण हा दोष मिसळण्याचा नसून तयार बाटलीचा आहे. बाटलीत तिखट, मीठ, साखर, आंबट आणि दाटपणा आधीच एकत्र बांधलेले असतात. यातलं तुला फक्त आंबट हवं असलं, तरी पाचही घ्यावे लागतात. घरी करण्याचा खरा फायदा हाच, की तिथे ही कामं सुटी करता येतात.

आता प्रत्यक्ष बघू. कोलंबीची थाई धाटणीची करी करायची, तर पक्कं धरायचं ते आपलं आहेच: नारळ, भात, ताजी मासळी. गवती चहाची पाती चहात टाकतो तशी इथे टाकू नकोस. थाई स्वयंपाकात बुंध्याकडचा पांढरा, कोवळा भाग वाटतात, तेव्हा कुंडीतला गवती चहा मुळाशी कापून घे. त्यांच्या वाटणात आंबवलेल्या कोलंबीचा गोळा असतो, तो समुद्राची खोल खारी चव देतो. ते काम आपला सुका जवळा करील: नीट निवडून, कोरडा भाजून, चमचाभर लसूण-मिरचीबरोबर वाट. आंबवलेल्याचा उग्र वास येणार नाही, आणि मला त्याची खंत नाही. पुढचा भाग मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे. नारळाचा रस फुटू नये म्हणून आपण तो शेवटी घालतो आणि उकळी येऊ देत नाही. ते घट्ट रस आधी कढईत तेल सुटेपर्यंत आटवतात आणि त्या तेलात वाटण परततात. आपल्याकडे जी चूक, ती तिथे पहिली पायरी. मग पातळ रस, मग कोलंबी, आणि ती शिजली की लगेच आच बंद. आंबटाला इथे आमसूल नको. त्याच्या रंगाने सगळा रस्सा गुलाबी होतो आणि गवती चहाचा वास दबतो. आच बंद केल्यावर लिंबू पिळ. कोलंबी न खाणारं कुणी जेवायला असेल तर जवळाही वगळ आणि बांगडा घाल.

जपानी सुपाच्या बाबतीत तर आपल्या सुक्या मासळीच्या डब्याला चक्क शास्त्राचा पाठिंबा आहे. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट वेगळं काढून दाखवलं. 1913 मध्ये त्यांच्या शिष्याने, कोदामांनी, वाळवलेल्या बोनिटो माशातलं इनोसिनेट ओळखलं. ही दोन एकत्र आली की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं आणि सुक्या माशात इनोसिनेट. सुके बोंबील टोमॅटो घालून करणाऱ्या कोळणीला यातलं एक नावही माहीत असण्याची गरज पडली नाही. तेव्हा अजिनोमोटोची, म्हणजे ग्लुटामेटचीच, पुडी आणण्याआधी बोंबलाचे दोन तुकडे भाजून, पाण्यात मंद उकळून, गाळून बघ. वर अलिबागचा पांढरा कांदा कच्चाच, बारीक चिरून घाल. 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर असतो, परतण्यात वाया जातो.

राहता राहिला अस्सलपणाचा मुद्दा. थायलंडचा माणूस म्हणेल, कुलिंजनाच्या जातीचं आमचं ओलं मूळ नाही, आमच्या लिंबाची पानं नाहीत, मग ही आमची करी कशी? त्याचं बरोबर आहे. म्हणून तिला थाई करी म्हणू नकोस, गवती चहातली कोलंबी म्हण. आणि श्रावणात सुकी मासळी बंद असेल तेव्हा तिचं काम सोया सॉसकडे दे, तो सोयाबीन आंबवूनच करतात. एवढंच, की त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून जास्त मीठ असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमांच्या आत राहायला सांगते. त्या दिवशी मिठाचा डबा उघडू नकोस.

तुझा,
मामा