जुन्या घराचा कुलर

मराठवाड्यात जुना कुलर बदलायचा म्हटलं की गिऱ्हाईक आधी कंपनी विचारतं, मग किंमत. मी विचारतो, "खोलीच्या छताला साणं आहे का? की बुजवलंय?" नांदेड-लातूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये कुलर बसवत आणि दुरुस्त करत आलो, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कुलर घराकडे बघून निवडावा.

माळवदाच्या घराला दोन-तीन फुटांच्या दगडमातीच्या भिंती असतात. वर सागाच्या तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर दुपार पेटलेली असताना आत उन्हाची धग पोहोचायला संध्याकाळ होते. अशा घराला कुलरकडून थंडाव्याची थोडीच भर हवी असते. बारा बाय पंधराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे अठराशे घनफूट, साधारण एक्कावन्न घनमीटर हवा. माळवदाखाली ती दर तीन मिनिटांनी बदलली तरी माणूस निवांत झोपतो. म्हणजे ताशी हजार घनमीटरचा कुलर पुरतो. तीच खोली सिमेंटच्या स्लॅबखाली असेल तर दुप्पट लागतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. कंपनीच्या कुलरचा हा ताशी घनमीटरचा आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

पण आत आलेली हवा बाहेर गेली पाहिजे. कुलर बाष्पीभवनावर चालतो. एक लिटर पाणी हवेत जिरताना साधारण 580 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल तर चांगला कुलर 27-28 अंशांची हवा देतो. ती ओलसर हवा खोलीतच कोंडली तर तासाभरात अंग चिकचिकतं आणि लोक म्हणतात, कुलर बिघडला. वाड्याच्या खिडक्या बहुतेक चौकाकडेच उघडतात, रस्त्याच्या बाजूला भिंत आंधळी. तिथे माळवदातलं साणं कामाला येतं. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून ठेवलेलं ते भोक गरम हवेलाही वाट देतं. चौकाच्या सावलीतल्या खिडकीत कुलर, वर साणं उघडं, एवढ्यावर खोली बदलते. पावसाच्या धास्तीने कित्येकांनी ती भोकं बुजवली आहेत. "मामा, वरून पत्र्याची टोपी बसवा, पण बाजू मोकळ्या ठेवा," असं मी आवर्जून सांगतो.

लातूरकडे बोलताना मात्र मी जपून बोलतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली, ती याच दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छतं अंगावर कोसळून. त्यानंतर ज्यांनी माळवद उतरवून पत्रे टाकले, त्यांना जुन्या घराचा गारवा परत आणा म्हणणं मला पटत नाही. पत्र्याखाली आधी छताला अस्तर द्यावं, वरून पांढरा रंग मारावा, मग कुलरचा विचार करावा.

पाण्याचा हिशोबही घराइतकाच महत्त्वाचा. कोरड्या उन्हात मध्यम कुलर ताशी दहा लिटरच्या आसपास पाणी पितो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. अशा गावात टाकी केवढी आणि पाणी कुठलं, हे विचारल्याशिवाय कुलर विकणं मला गैर वाटतं. बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि कुलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो. ताट्यांत हनीकोंब पॅड असेल तर त्याची जाळी या थराने बुजली की महागडं पॅडच बदलावं लागतं. म्हणून बोअर असेल तिथे मी ताट्यांत घासच सुचवतो: स्वस्त, आणि दर उन्हाळ्याला नवी भरता येते. नांदेडात नळाला विष्णुपुरीचं, गोदावरीचं पाणी येत असेल तर हनीकोंब जरूर घ्यावा. दोन्हीकडे टाकीतलं शिल्लक पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकावं.

एसीबद्दलही विचारणा होते. माळवदाच्या खोलीत फटी पुष्कळ, जुनी दारं घट्ट लागत नाहीत. विजेचे पैसे बाहेर जातात. तिथे मी नाही म्हणतो. आणि मृग बरसला की कुलरही बंद करावा, दमट हवेत तो भिंतींना ओल देण्यापलीकडे काही करत नाही.

पत्र्याचा की प्लॅस्टिकचा? पत्र्याचा गंजतो, पण त्याची मोटर, पंप, जाळी, सगळं कोणत्याही दुकानात मिळतं आणि तो खिडकीच्या मापाचा करून घेता येतो. जुन्या घरांच्या खिडक्या कोणत्याही कंपनीच्या मापात बसत नाहीत, म्हणून माझा कौल पत्र्याला. पण एका अटीवर. जुन्या घरांच्या वायरिंगला बहुधा अर्थिंग नसतं आणि ओल्या पत्र्यात करंट उतरला की जीव जातो. अर्थिंग करून घेता येत नसेल तर पत्र्याचा कुलर घरात आणूच नका. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा.