अडकलेला ५४

वाय-फायवाल्यांना ५४ हा आकडा चांगला ओळखीचा आहे. २००३ साली आलेल्या ८०२.११जी या मानकाचा कमाल वेग ५४ एमबीपीएस. लिंक्सिसच्या ज्या राउटरमुळे पुढे ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं, त्याच्या नावातच तो होता: डब्ल्यूआरटी५४जी. तेव्हा तो मिरवायचा आकडा होता. आमच्या मिरजेच्या घरात मात्र राउटरचं फर्मवेअर अपग्रेड झालं आणि तो ठाण मांडून बसला. त्याआधी माझ्या लॅपटॉपवर ३०० नाहीतर २७० दिसायचं.

एरवी मी चार दिवस चालवून घेतलं असतं. पण बाबांना मागच्या वर्षी पक्षाघात झाला. हात बराच सावरला, वाचा अडखळली. पुण्याच्या एक स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून प, फ, ब, भ, म करून घेतात. ओठ मिटायचे, उघडायचे. त्यासाठी नुसता आवाज पुरत नाही, समोरच्याचे ओठ दिसावे लागतात. चित्र अडकलं की बाईंचे ओठ 'प'वर मिटलेलेच राहत, आणि बाबाही ओठ मिटून थांबून राहत. मग मान हलवत: मलाच जमत नाही. नेट अडकलंय हो, असं आई परोपरीने सांगायची. त्यांना ती समजूत वाटायची. एका गुरुवारी ते कॉलला बसलेच नाहीत.

आता कुणी म्हणेल, कॉलला दोनेक एमबीपीएस पुरतात, मग ५४ काय वाईट? पण ५४ हे छत आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास वेग वायरलेसच्या स्वतःच्या देवाणघेवाणीतच जातो. बाबांची खोली दोन जाड भिंतींपलीकडे. तिथे लिंक १२वर, कधी ६वर यायची. वर त्याच हवेत माझं ऑफिसचं काम.

केबल लावून पाहिली, ९४ मिळाले. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठणठणीत. चॅनल बदललं, ४० मेगाहर्ट्झ रुंदी तपासली, राउटरला चिकटून बसलो. ५४. आईचा फोन, ५४. (तुमच्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्येही लिंक स्पीड बहुधा दिसतो, बघा.) इथेच मला वाट सापडली. सिग्नल खराब असेल तर आकडा वरखाली होतो, माणसागणिक, कोपऱ्यागणिक बदलतो. सगळीकडे एकच आकडा म्हणजे अडथळा नव्हे, नियम.

नियम सापडला एन्क्रिप्शनच्या पानावर: टीकेआयपी. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप २००१च्या सुमारास फुटलं. नवीन एईएस पेलण्याची ताकद तेव्हाच्या बऱ्याच यंत्रांत नव्हती. म्हणून त्याच हार्डवेअरवर, नुसत्या फर्मवेअरने बसेल असं तात्पुरतं ठिगळ काढलं, ते टीकेआयपी. पुढे २००९च्या ८०२.११एनने स्पष्ट सांगितलं की टीकेआयपी वापरणाऱ्याला एनचे वेग मिळणार नाहीत. मग उरतं जी, म्हणजे ५४. आमचं जुनं फर्मवेअर या नियमाकडे काणाडोळा करत होतं. नवीन आलं ते कायद्याने वागायला लागलं. बिघडलं काहीच नव्हतं! सरकारी कचेरीत नवा साहेब आल्यावर होतं तसं.

टीकेआयपी ठेवला होता नेट जोडून देणाऱ्या माणसाने, बाबांच्या दुकानाच्या जुन्या लॅपटॉपसाठी. त्याला एईएस येत नाही. मिश्र मोड ठेवता आला असता, नवी यंत्रं त्यात एईएसच वापरतात; पण एका लॅपटॉपसाठी घरभर कच्चं कुलूप ठेवणं मला पटेना. डब्ल्यूपीए२, फक्त एईएस. सेव्ह. राउटर उठला, लॅपटॉपवर ३००. बाबांच्या खोलीत ८१च्या आसपास.

दुकानाचा हिशेब आता पेन ड्राइव्हने इकडून तिकडे जातो. बाबा त्यावरून माझ्यावर नाराज आहेत, आणि ती नाराजी हल्ली बरीच स्पष्ट बोलून दाखवतात.

कॉलला पुन्हा बसवायला मात्र एक आठवडा लागला. पहिल्या दिवशी मी त्यांना पडद्यापेक्षा आधी तो आकडा दाखवला, त्यांनी चष्मा लावून तो वाचला. 'प' आणि 'म' आता येतात. 'भ'चा अजून 'ब' होतो, श्वास कमी पडतो असं बाई म्हणतात. जेवताना ते 'बाकरी' मागतात, आई वाढते.