साडेसहा टक्क्यांचा फ्लॅट

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा आमचा टू बीएचके साडेसहा टक्के देतो, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले. गणित सोपं होतं. २०१३ मध्ये २८ लाखांना घेतला, आज भाडं १५ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार; भागिले २८ लाख. किंमत वाढते ती वेगळीच. माझं सगळं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलेलं, त्यामुळे मी सांगितलेल्या टक्क्यांवर कोणी शंका घेत नसे. मीही घेत नसे.

हल्ली मी तो आकडा सांगत नाही.

झालं असं की गेल्या दिवाळीत आमच्याच बिल्डिंगमधला, आमच्या बरोबर वरचा फ्लॅट ५२ लाखांना गेला. आमच्या घरात आनंदीआनंद. ‘पैसे दुप्पट झाले की गं,’ म्हणत ह्यांनी जिलबी आणली. मला मात्र रात्री झोप येईना. कोणी उद्या ५२ लाख हातावर ठेवायला तयार असेल आणि आपण नको म्हणत असू, तर त्याचा अर्थ एवढाच की आज ५२ लाख मोजून आपण हाच फ्लॅट पुन्हा विकत घेतोय. मग भागायचं ते २८ ने की ५२ ने? २८ लाख तर तेरा वर्षांपूर्वीच बिल्डरच्या खात्यात गेले. आज माझे अडकलेत ते ५२.

दुसऱ्या दिवशी भाड्याची वही काढली. लाल पुठ्ठ्याची आहे, आणि तिच्यात डावीकडे जमा नीट लिहिलेली. खर्च मात्र जागा मिळेल तिथे: नळाच्या वायसरचे, मोटार रिवाइंडिंगच्या वर्गणीचे, बाथरूमच्या गळतीचे, ‘रंगवाला – अॅडव्हान्स’. हे सगळं एका कागदावर उतरवलं. सोसायटीचा मेंटेनन्स आम्ही भरतो. शिवाय घर भाड्याने दिलं म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. (ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, हा सरकारी आदेश १ ऑगस्ट २००१ चा, पण सोसायटीच्या सभेत तो वाचून दाखवावा लागतो.) मग महापालिकेची घरपट्टी. दर नव्या भाडेकरूला एजंटची दलाली, लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी, एक हात रंग. आणि एक खर्च वहीत कुठेच नव्हता, कारण त्याची पावती मिळत नाही: घर रिकामं राहिलेले महिने. सगळ्या वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला एक महिना बुडालाय.

हे वजा जाता हातात राहतात १ लाख ९ हजार. भागिले ५२ लाख. दोन पूर्णांक एक टक्का.

बचत खात्याच्या व्याजाला आम्ही काउंटरवर हसायचो, ते आठवलं.

‘अगं पण किंमत वाढली ती?’ हे ह्यांचं हुकमाचं पान. तेही उलटून पाहिलं. पहिली गोष्ट, २८ लाख ही करारातली किंमत होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, बांधकाम चालू होतं म्हणून सेवाकर आणि एक टक्का व्हॅट, वीजमीटर धरून आमचे खरे ३१ लाख गेले. त्यात ताबा मिळाला २०१५ मध्ये, म्हणजे दोन वर्षं भाडं शून्य. कर्ज नव्हतं, म्हणून हिशेब तरी सोपा. पुण्याच्या भाच्याने कोणत्या साली किती गेले, किती आले हे संगणकावर मांडलं आणि आज ५२ ला विकला असं धरून वार्षिक परतावा काढला. सव्वासहाच्या आसपास आला. भाडं आणि भाववाढ, दोन्ही मिळून. २०१३ मध्ये बँका मुदत ठेवीला पावणेनऊ-नऊ टक्के देत होत्या आणि त्या पावत्या मीच लोकांना लिहून देत होते!

खरा धक्का मात्र कराच्या हिशेबाने दिला. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकताना दोन वाटा आहेत: साध्या नफ्यावर साडेबारा टक्के, नाहीतर महागाई निर्देशांक लावून उरलेल्या नफ्यावर वीस. पहिल्या वाटेने २१ लाखांच्या नफ्यावर २ लाख ६२ हजार कर. दुसऱ्या वाटेने पाहिलं, तर निर्देशांक २०१३-१४ ला २२० होता, २०२५-२६ ला ३७६. ३१ लाखांचे झाले जवळजवळ ५३. भाव ५२. नफाच नाही, तर कर कसला? ‘शून्य कर!’ हे खूश. पण सरकार कर मागत नाही ते कशासाठी? त्याच्या हिशेबाने आम्ही बारा वर्षांत काही कमावलंच नाही म्हणून. आणि हा निर्देशांक शहरी महागाईतली फक्त पाऊण वाढ मोजतो.

याचा अर्थ घर वाईट आणि ठेव चांगली, असा मी काढलेला नाही. ठेवीचं सगळं व्याज करपात्र. भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते. भाडं वाढतं, ठेवीचं व्याज वाढत नाही. माझी बहीण म्हणते, ठेव असती तर मुलाच्या लग्नात कधीच मोडली असतीस. खरं आहे.

भाडेवाढीबद्दलही माझं मत पालटलंय. दर अकरा महिन्यांनी दहा टक्के, हा माझा नेम होता. २०१९ मध्ये ११ हजारांवर ११०० वाढवले आणि अंबडच्या कंपनीतली ती मुलं निघून गेली. वर्षाचे १३ हजार २०० मिळवायला गेले; दोन महिने कुलूप आणि एजंटचा एक महिना मिळून ३३ हजार गेले, रंग वेगळा. आता जे जोडपं आहे ते बाजारभावापेक्षा दीड-दोन हजार कमी देतं. जावा मला भोळी म्हणतात. म्हणू देत. ते आल्यापासून घराला एक दिवस कुलूप नाही.

विकायचं का? ह्यांचं म्हणणं, २०२७ चा सिंहस्थ होऊ दे, भाव कुठल्या कुठे जातील. २०१५ च्या सिंहस्थातही एजंट हेच सांगत होता. साधुग्राम तपोवनात, आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पर्वण्या झाल्या तरी घर रिकामंच होतं. तरी एवढं ठरलं की दर पाडव्याला वहीत त्या दिवसाचा बाजारभाव लिहायचा आणि टक्के त्याच्यावरच काढायचे. यंदा ५४ लिहिला. भाडं तेच, म्हणजे टक्के आणखी उतरले.

‘म्हणजे आता भाव वाढला म्हणूनही तू रडणार?’ हे म्हणाले.

‘अहो, रडत नाही. तुमच्याकडे आज ५४ लाख असते, तर हा फ्लॅट घेतला असता का, तेवढं सांगा.’

अजून सांगितलेलं नाही.