किल्ल्यावरची चित्रं : अपुरी नोंदवही

सिंहासनाधीश महाराज. उंची वीतभर. प्लास्टर, वर सोनेरी रंग. साचा दोन भागांचा. कानामागून खांद्यावर उतरलेली शिवण कुणी घासलेली नाही. मिळाले नारायणगावातच, माळ्यावरच्या खोक्यात. दिवाळीनंतर मातीचा किल्ला मोडताना आधी महाराजांना उचलून ठेवायचं, त्यामुळे ते घरोघर उरलेत.

मावळा, भालेवाला. भाला गेलेला, तारेचा गंज तेवढा मुठीत उरलाय. मावळे डझनाने यायचे, फुटले की त्याच मातीत जायचे. आज अख्खा मावळा मिळणं महाराज मिळण्यापेक्षा अवघड. हल्ली प्लॅस्टिकचे येतात. ते फुटत नाहीत, पोरांची सोय झाली.

गवळण, भाजीवाली, जात्यावरची बाई. तिघींचा डावा गाल सारखाच चपटा. म्हणजे मुंडकं एकाच साच्यातलं, धड तेवढं वेगळं. वहीत गट पाडलाय : ‘चपट्या गालाच्या’.

वाघ, गुहेतला. पट्टे हाताने ओढलेले, म्हणून एकासारखा दुसरा नाही. आमच्या तालुक्यात उसाच्या फडात बिबट्या, माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र; किल्ल्यावर मात्र पट्टेरी वाघच. बिबट्याचं चित्र मला एकही मिळालेलं नाही.

यातलं काही धुवायचं नाही. प्लास्टर पाणी पितं, रंग उठतो. कोरड्या ब्रशने झटकायचं, बस्स.

‘शिल्पकार’ या रकान्यात सगळीकडे रेघ. पुण्यात १९२८ साली बसलेल्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यामागे नानासाहेब करमरकरांचं नाव आहे, अलिबागजवळ सासवण्याला त्यांचं संग्रहालय आहे आणि तिथं प्लास्टरची कामंही जपलेली आहेत. प्लास्टर टिकत नाही म्हणून ही चित्रं गेली, असं कुणी म्हणू नये. आपण चित्रं मोडायलाच आणत होतो. पण ज्याने मूळ मावळा मातीत घडवला आणि त्यावरून साचा काढला, त्यालाही हात होताच की. पाठीवर, बैठकीखाली, कुठं अक्षर सापडतं का ते दरवेळी पाहतो.

साचा एकही मिळालेला नाही. पण रबरी साचा वापरून वापरून ढिला पडतो, नाक-डोळे बुजत जातात. त्यामुळे एकाच साच्यातले मावळे नाकाच्या धारेवरून आधीचा-नंतरचा असे लावता येतात. माझ्याकडच्या सर्वांत धारदार नाकवाल्याला दोन नंबर दिलाय. एक नंबर रिकामा ठेवलाय. आणखी धारदार कुणाच्या तरी माळ्यावर असणार.